नादाचे दफ्तर

संगीत ऐकण्याचे दोन मार्ग आज सामान्य रसिकाच्या हाताशी एकाच वेळी आलेले आहेत, आणि ते दोन्ही एकाच यंत्रातून येत असल्यामुळे त्यांच्यातील भेद सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. पहिला मार्ग संग्रहाचा: आपल्या संगणकावर, घरातील लहानशा सर्व्हरवर किंवा दूरच्या एखाद्या संस्थेच्या भांडारात साठविलेल्या हजारो ध्वनिमुद्रणांतून हवे ते नावाने मागवून घ्यावयाचे. दुसरा मार्ग इंटरनेटवरील नभोवाणीचा: कोणी तरी आपल्या रुचीप्रमाणे लावलेला कार्यक्रम चालू असता त्यात मध्येच जाऊन बसावयाचे. पहिल्यात श्रोता यजमान असतो, दुसऱ्यात पाहुणा. संग्रहापाशी काय मागावे हे आधी ठाऊक असावे लागते. नभोवाणी आपण कधीही मागितले नसते असेही काही कानावर घालते आणि पुष्कळदा तेच जन्मभर पुरते. या दोन्ही मार्गांचा विस्तार गेल्या तीस वर्षांत झाला. हिंदुस्थानी संगीताच्या आणि विशेषेकरून मराठी रसिकाच्या दृष्टीने त्यात काय मिळाले व काय राहून गेले, याचा आढावा घेण्याचा येथे विचार आहे. आमचे मत आरंभीच सांगून टाकतो. ध्वनी जपण्याचे काम यंत्राने चोख बजावले आहे. परंतु कोण गात आहे, राग कोणता, साथीला कोण, मैफल केव्हाची व कोठली, हा त्या ध्वनीचा दाखला जपण्याचे काम माणसाने अर्धवट सोडले आहे, आणि जेथे दाखला नाही तेथील संग्रह कितीही अफाट असला तरी तो नुसता साठा होय.

हा प्रश्न संगणकाने निर्माण केलेला नाही. तो ध्वनिमुद्रणाइतकाच जुना आहे. ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गायस्बर्ग १९०२ साली कलकत्त्यास आले आणि त्यांनी गौहरजान आदी गायिकांची गाणी मुद्रित केली, तेव्हा मेणावर उमटलेली ती मूळ मुद्रणे जर्मनीतील हॅनोव्हर येथे पाठविली जात आणि तेथे तबकड्या छापून त्या जहाजाने हिंदुस्थानात परत येत. तेथील कारागिरांस ना भाषा कळे, ना गाणारणीचे नाव ठाऊक. म्हणून गाणे संपता संपता गायिकेनेच आपले नाव मोठ्याने उच्चारावे अशी तजवीज करण्यात आली. गौहरजानचे ते इंग्रजीतील नामोच्चारण आज लाखो लोकांनी कौतुकाने ऐकले आहे. परंतु ज्याला ते केवळ गंमत वाटते त्याच्या लक्षात एवढे येत नाही, की हिंदुस्थानी संगीताच्या मुद्रित इतिहासातील आद्य नोंदींपैकी ती एक असून ती कागदावर नव्हे, तर प्रत्यक्ष ध्वनीतच कोरलेली आहे. १९०८ साली कलकत्त्यातील सियालदा येथे तबकड्यांचा कारखाना निघाला, छापील लेबले नीटस होऊ लागली आणि नाव सांगण्याची ती पद्धत हळूहळू लोपली. तबकडीच्या मध्यभागी कोरलेला मुद्रणाचा क्रमांक मात्र राहिला, आणि जुन्या संग्राहकांनी आपली सारी बारनिशी त्या क्रमांकावर उभारली. लेबलावरील राग चुकीचा असू शकतो, गायकाच्या नावाचे स्पेलिंग तीन तऱ्हेचे असू शकते, पण मुद्रणाचा क्रमांक सहसा खोटे बोलत नाही. मायकेल किनियर या ऑस्ट्रेलियन अभ्यासकाने १८९९ ते १९०८ या काळातील मुद्रणांची जी सूची सिद्ध केली व जी मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनाने १९९४ साली छापली, तिची थोरवी याच काटेकोरपणात आहे. मुंबईतील सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या संग्राहकांच्या मंडळीनेही तबकड्यांइतकीच त्यांच्या याद्यांची काळजी वाहिली. इंटरनेटवरील कोट्यवधी फायलींपेक्षा आम्हास या माणसांच्या वह्यांचे मोल अधिक वाटते.

पुढे एमपी३ ही पद्धती आली. कॉम्पॅक्ट डिस्कवर दर सेकंदास ४४,१०० नमुने घेऊन ध्वनी साठविला जातो. त्यातील जो भाग मानवी कानास सहसा ऐकू येत नाही तो वगळून जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेच्या व तिच्या सहकाऱ्यांच्या शास्त्रज्ञांनी फाईल सुमारे एक-एकादशांश आकाराची केली, आणि त्यामुळे संगीत तारेवरून धाडता येऊ लागले. परंतु या फायलीत प्रारंभी नाव-गाव लिहिण्यास जागाच नव्हती. १९९६ च्या सुमारास फाईलच्या अखेरीस अवघ्या १२८ बाइटांची एक चिठ्ठी जोडण्याची युक्ती निघाली: शीर्षकाला ३० अक्षरे, कलावंताला ३०, अल्बमला ३०, सालाला ४, शेऱ्याला ३०, आणि संगीतप्रकारासाठी केवळ एक आकडा. ही चिठ्ठी बारकाईने पाहण्याजोगी आहे, कारण तिने पुढील पिढीच्या ऐकण्याला वळण लावले. 'राग मियाँ की मल्हार, विलंबित एकताल' एवढे साधे शीर्षक रोमन लिपीत लिहू गेल्यास तीस अक्षरे संपतात तेव्हा तालाचे नाव आलेलेच नसते. देवनागरीला त्या चिठ्ठीत मज्जाव होता. संगीतप्रकारांच्या मूळ यादीत ८० नावे होती. त्यांत रॉकचे व नृत्यसंगीताचे नाना पोटभेद होते, पण ख्याल, ठुमरी, नाट्यसंगीत किंवा अभंग यांपैकी एकासही आसन नव्हते. दोन वर्षांनी या चिठ्ठीची सुधारलेली, ऐसपैस व कोणतीही लिपी सामावून घेणारी आवृत्ती निघाली. परंतु तोवर हजारो फायलींवर अर्धवट कापलेली नावे चढली होती, आणि एका संग्रहातून दुसऱ्या संग्रहात नकला होता होता ती आजतागायत तशीच हिंडत आहेत.

कलावंत, अल्बम, गाणे या तीन पायऱ्यांची जी मांडणी बहुतेक संगीतसंग्रहांत दिसते ती मुळात पाश्चात्य लोकप्रिय गाण्यांसाठी बेतलेली आहे. आपल्या रागसंगीताला ती तोकडी पडते. उस्ताद अमीर खाँसाहेबांच्या प्रसिद्ध लाँगप्ले तबकडीचे उदाहरण घेऊ. तिच्या एका बाजूस मारवा आहे, दुसऱ्या बाजूस दरबारी. एक मावळतीचा राग, दुसरा मध्यरात्रीचा. तबकडी उलटण्यासाठी श्रोत्याला उठावे लागे तेवढ्या अवकाशात मन सावरत असे, आणि कित्येक रसिक तर एक बाजू ऐकून उरलेली रात्रीसाठी राखून ठेवीत. संगणकाच्या हिशेबी मात्र हा एक अल्बम असून त्यात दोन गाणी आहेत, म्हणून मारव्याचा शेवटचा स्वर विरतो न विरतो तोच दरबारीचा षड्ज लागतो. याहून अनर्थ होतो तो सीडीवरून उतरविलेल्या फायलींत, जेथे विलंबित ख्याल आणि त्याच रागातील द्रुत बंदिश यांचे दोन तुकडे केलेले असतात. यादी उलटसुलट वाजविण्याचा पर्याय चुकून चालू राहिला तर द्रुत आधी येते आणि विलंबित भलत्याच गायकाच्या भजनानंतर उगवते. पाश्चात्य अभिजात संगीताची तक्रारही फारशी निराळी नव्हती, कारण तेथेही रचनाकार, रचना, वाद्यवृंद व संचालक यांना ती तिपदरी मांडणी पुरत नाही. म्हणून ॲपल कंपनीने २०२३ साली केवळ त्या संगीतासाठी स्वतंत्र ॲप काढले. आपल्या संगीतासाठी तितक्या इतमामाने कोणी झटले असेल तर ती बार्सिलोनाच्या पोम्पेउ फाब्रा विद्यापीठातील मंडळी. झावियेर सेर्रा यांच्या नेतृत्वाखाली २०११ साली तेथे सुरू झालेल्या प्रकल्पात हिंदुस्थानी व कर्नाटक संगीताची ध्वनिमुद्रणे राग, ताल, लय यांच्या अंगाने लावण्यात आली आणि गायकाचा षड्ज यंत्राने ओळखण्याच्या रीती शोधण्यात आल्या. म्युझिकब्रेन्झ या सर्वांस खुल्या असलेल्या नोंदवहीत तर आता रागासाठी व तालासाठी स्वतंत्र रकाने आहेत. ते भरावयास माणसे हवीत, एवढीच उणीव आहे.

रकाना उपलब्ध झाला म्हणजे प्रश्न मिटला असेही नाही. यमन आणि कल्याण, भूप आणि भूपाली अशा जोडनावांनी वावरणारे राग रोमन स्पेलिंगात शिरले की त्यांना आणखी चार-चार रूपे फुटतात, आणि शोधाच्या चौकटीत एक रूप टाकणाऱ्याला उरलेल्या रूपांखालची मुद्रणे दिसतच नाहीत. मराठी गीतांच्या बाबतीत 'आठवणीतली गाणी' या संकेतस्थळाने देवनागरीत कवी, संगीतकार, गायक व राग अशी चौफेर वर्गवारी करून जे घडवून दाखविले, ते धनाढ्य कंपन्यांनाही जमलेले नाही, हे अभिमानाने नमूद केले पाहिजे.

एकाच कृतीची अनेक रूपे नोंदविणे किती आवश्यक आहे, याचे उत्तम उदाहरण आपल्या घरातच आहे. गदिमांचे 'गीतरामायण' १ एप्रिल १९५५ या दिवशी, रामनवमीस, पुणे आकाशवाणीवरून सुरू झाले आणि वर्षभर चालून त्याची ५६ गीते प्रसारित झाली. सुधीर फडके यांच्या चालीत ती गीते मूळ प्रसारणात माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर इत्यादी निरनिराळ्या गायक-गायिकांनी गायिली होती. मागाहून लाँगप्ले तबकड्या निघाल्या त्या एकट्या फडक्यांच्या आवाजात, आणि घरोघरी तेच रूप रुजले. आज एखाद्या संग्रहात 'गीतरामायण' शोधणाऱ्या तरुणास हे एका गायकाचे एक काम वाटते. नभोवाणीवर पात्रागणिक कंठ बदलत असे हे त्याला कोणी सांगत नाही. संग्रहात कृती आणि तिचे मुद्रण यांची नोंद वेगवेगळी असती, तर एका गीताखाली त्याची सारी गायने ओळीने दिसली असती. नभोवाणीत जन्मलेली कृती तबकडीत शिरताना आपला अर्धा इतिहास बाहेर ठेवून आली. संगणकाला तो आत आणणे सहज शक्य आहे.

जुन्या तबकड्या संगणकावर चढविण्याच्या उद्योगात इंटरनेट आर्काइव्ह या सॅन फ्रान्सिस्कोतील संस्थेने २०१७ साली जगासमोर मांडलेला '७८'च्या तबकड्यांचा प्रकल्प सर्वांत भव्य होय. तबकडीच्या खाचेची रुंदी कंपनीगणिक व काळागणिक बदलते. म्हणून तेथे एकाच फिरत्या तबकडीवर चार भुजा आणि निरनिराळ्या आकाराच्या चार सुया एकदम टेकवून चार मुद्रणे घेतली जातात, आणि श्रोत्याला त्यांतून निवड करता येते. लेबलाचे छायाचित्रही सोबत ठेवतात, ही त्यातील आम्हास सर्वाधिक भावलेली गोष्ट. कारण नोंदीची रुजुवात तेथल्या तेथे होते. वेगाचा प्रश्न मात्र सुईपेक्षा नाजूक आहे. जुन्या काळी तबकडी दर मिनिटास नेमक्या ७८ फेऱ्यांनीच कापली जाई असे नव्हे. सुमारे साडेत्र्याहत्तर फेऱ्यांनी कापलेली तबकडी ७८ वर वाजविली तर साऱ्या स्वरांची पट्टी जवळजवळ अर्ध्या स्वराने चढते, काळी एकचा गायक पांढरी दोनमध्ये गाऊ लागतो, आणि त्याच्या ताना होत्या त्याहून अधिक वेगवान भासतात. ज्या पिढीने त्या गायकास प्रत्यक्ष ऐकलेले नाही ती पिढी या चुकीलाच त्याची गायकी समजून बसते. म्हणून मुद्रण कोणत्या वेगाने उतरविले हेही दाखल्यात आलेच पाहिजे.

कायद्याचा विचारही येथेच करावा लागतो. आपल्याकडे ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे चालतो. अमेरिकेत २०१८ च्या कायद्यान्वये १९२३ पूर्वीची मुद्रणे १ जानेवारी २०२२ पासून सर्वांस मोकळी झाली. त्यानंतरच्या काळातील मुद्रणांबद्दल मोठ्या कंपन्यांनी २०२३ मध्ये वर सांगितलेल्या प्रकल्पावर दावा लावला. पुढे तो तडजोडीने मिटला. मालकांच्या हक्काबद्दल आमची तक्रार नाही. परंतु ज्या तबकड्या मालकांनी स्वतः कित्येक दशके बाजारात आणल्या नाहीत, त्या जपणाऱ्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करावे हे आम्हास न्याय्य वाटत नाही.

आता नभोवाणीकडे वळू. ७ नोव्हेंबर १९९४ रोजी नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या चॅपेल हिल येथील विद्यार्थ्यांच्या केंद्राने आपले प्रसारण इंटरनेटवरून ऐकविण्यास आरंभ केला. पुढल्या वर्षी रिअलऑडिओ आले. दशकाच्या अखेरीस शाउटकास्ट निघाल्यावर ज्याच्यापाशी संगणक आणि संग्रह आहे अशा कोणालाही केंद्र चालविणे शक्य झाले. मध्यमलहरींवरील प्रसारणात एक क्षेपक एकदाच बोलतो आणि ऐकणारे दहा असोत की दहा लाख, त्याचा खर्च तेवढाच राहतो. इंटरनेटवर तसे नाही. येथे प्रत्येक श्रोत्याकडे स्वतंत्र धारा जाते, दर सेकंदास ६४ किलोबिट या माफक गतीनेही माणशी ताशी सुमारे २९ मेगाबाइट खर्ची पडतात, आणि श्रोते वाढले की केंद्रचालकाचे बिलही वाढते. धारा खंडू नये म्हणून ऐकणाऱ्याचे यंत्र काही सेकंदांचा ध्वनी आधी साठवून घेते. त्यामुळे बातम्यांपूर्वी वाजणारे वेळेचे ठोके, ज्यांवर आपल्या वडिलांनी मनगटी घड्याळे लावली, ते इंटरनेटवर काही सेकंद उशिराच पोहोचतात. या धारेतही नोंदीसाठी जागा आहे. ध्वनीच्या ठरावीक हजारो बाइटांमागे एक लहानसा मजकूर गुंफता येतो, आणि चालू गाण्याचे नाव त्यातूनच पडद्यावर उमटते. पुष्कळ केंद्रे तेथे तासन् तास केवळ स्वतःचे नाव दाखवीत बसतात, हे पाहून वाईट वाटते.

आपल्या आकाशवाणीने या क्षेत्रात केलेले काम लहान नाही. मुंबईत २३ जुलै १९२७ रोजी सुरू झालेल्या केंद्राची ही परंपरा आज 'न्यूज ऑन एअर' या ॲपद्वारे जगभर पोहोचते, आणि २६ जानेवारी २०१६ पासून 'रागम्' ही अहोरात्र अभिजात संगीताची वाहिनीही सुरू आहे. पूर्वी पुणे केंद्र ऐकण्यास पुण्याच्या आसपास असावे लागे. आता न्यू जर्सीतील वा लंडनमधील मराठी कुटुंबास ते तितकेच सुलभ आहे. मात्र यातून आपल्या संगीताचा एक खास पेच उभा राहतो. येथे सकाळी साडेसहाला लागलेला भैरव न्यूयॉर्कला उन्हाळ्यात आदल्या रात्री नऊ वाजता, आणि हिवाळ्यात आठ वाजता पोहोचतो. लंडनला तर तेव्हा निजानीज झालेली असते. रागाची वेळ गाणाऱ्याच्या सूर्यावर अवलंबून की ऐकणाऱ्याच्या? शास्त्रकारांसमोर हा प्रश्न कधी आलाच नव्हता. आमच्या मते नित्य श्रवणासाठी परदेशस्थाने आपल्या संग्रहातून आपल्या प्रहराचा राग निवडावा, तेथे संग्रहच सरस ठरतो. नभोवाणीकडे त्याने वळावे ते दुसऱ्याच ओढीने: आपल्या गावी या क्षणी जे लोक ऐकत आहेत तेच ऐकावे, रात्री नऊला भैरव लागला तरी चालेल, कारण त्या भैरवाबरोबर तिकडची सकाळ येते.

खाजगी केंद्रचालकांची स्थिती बिकट आहे. प्रताधिकार कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीने प्रसारकांना ठरावीक मोबदला भरून संगीत वाजविण्याचा वैधानिक परवाना मिळाला. परंतु तो नभोवाणी व दूरचित्रवाणीपुरताच असून इंटरनेटवरील सेवांना लागू नाही, असा निवाडा मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ साली दिला आणि खंडपीठाने तो २०२२ मध्ये कायम केला. एखाद्या जाणकाराने केवळ नाट्यसंगीताचे अथवा जयपूर-अत्रौली घराण्याचे छोटे केंद्र काढायचे म्हटले, तर प्रत्येक हक्कदाराशी वेगळा करार करणे त्याला भाग आहे, आणि ते त्याच्या आवाक्याबाहेरचे आहे.

राहता राहिला तो निवेदकाचा विषय, आणि आमच्या लेखी तो सर्वांत महत्त्वाचा. आकाशवाणीवर १९५२ साली सुरू झालेल्या संगीताच्या राष्ट्रीय कार्यक्रमाची कित्येक प्रसारणे रसिकांनी घरच्या टेपवर उतरवून ठेवली, आणि त्यांतली अनेक आज इंटरनेटवर फिरत आहेत. या प्रसारणांच्या प्रारंभी निवेदक संथ स्वरात कलावंताचे नाव, राग, ताल, आणि मग तबल्यावर कोण, सारंगीवर वा पेटीवर कोण, तानपुऱ्यावर कोण हे सांगतो. जुन्या तबकड्यांच्या लेबलांवर सारंगियाचे नाव क्वचितच आढळते. पुष्कळशा साथीदारांच्या अस्तित्वाचा एकमेव पुरावा म्हणजे निवेदकाची ती दोन वाक्ये. आणि नेमकी तीच दोन वाक्ये, गाणे लवकर सुरू व्हावे म्हणून, फाईल चढविणारे आज कापून टाकतात. ज्याच्यापाशी अशी टेप असेल त्याने निवेदन, मधली दाद आणि शेवटची घोषणा यांसह ती अखंड उतरवावी. राग, ताल, साथीदार, तारीख व केंद्र देवनागरीत लिहावेत. खात्री नसेल तेथे तर्काने राग न भरता रकाना मोकळा सोडावा. आकाशवाणीने आपल्या दफ्तरातील निवडक मुद्रणे 'आकाशवाणी संगीत' या नावाने प्रसिद्ध केली हे उत्तम झाले. तथापि मुद्रणांच्या आधी साऱ्या दफ्तराची नुसती सूची जरी सर्वांस खुली केली, तरी केंद्राकेंद्रांवरील तबलजी, सारंगिये आणि पेटीवाले यांची नावे प्रथमच एके ठिकाणी वाचावयास मिळतील.